सायकल असेल तरच कीर्तन

मला कीर्तन ऐकायला जागा हवी होती. मागणी एवढीच होती. तिच्यातून एक संसदीय समिती निघेल, माझा फोटो छापून येईल आणि देवांचा खजिनदार कुबेर याच्या खर्चाबद्दल इथले खासदार मला जाब विचारतील, हे आधी कळतं तर मी घरात डोळे मिटून नामस्मरण करत बसलो असतो. त्याला जागा लागत नाही आणि परवानगीही लागत नाही. पण मला नामस्मरणाला बसलं की झोप येते आणि कीर्तनाला बसलं की जाग येते. देवानेच मला असा घडवला आहे, त्यामुळे पुढच्या सगळ्या प्रकाराची मूळ जबाबदारी त्याच्याकडे जाते.

आम्ही डच मुलखात, हार्लेमच्या बाहेर, एका लहानशा स्टेशनाजवळ राहतो. करोना सुरू व्हायच्या जेमतेम आधी मागच्या गल्लीतल्या मंजूषाकडे तिची आई सांगलीहून आली. लीलावतीकाकू. पहिल्याच भेटीत मी बोलायचं म्हणून विचारलं, "काकू, तिकडे वेळ कसा घालवता?"

"कीर्तन करते," काकू म्हणाल्या. विणकाम करते म्हणावं इतक्या सहज.

मी तिथल्या तिथे त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मंजूषा त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन माझ्या मागून येत होती, हे मला दिसण्यासारखं नव्हतं. त्या ट्रेबद्दल ती अजून बोलते.

त्या आठवड्यात आमच्या दिवाणखान्यात काकूंचं पहिलं कीर्तन झालं. नऊवारी, हातात चिपळ्या, उभं राहून दीड तास. वरच्या मजल्यावरचे मेनेर, म्हणजे श्रीयुत, बाउमा आवाजाची तक्रार करायला खाली आले, दारात उभे राहिले, मग सोफ्याच्या हातावर टेकले आणि आरती घेऊनच वर गेले. जाताना म्हणाले, "आवाज फार होता. पुढचा कार्यक्रम कधी आहे?"

पुढचा झालाच नाही. घरात पाहुणे बोलवायला बंदी आली. विमानं थांबली. नंतर काही सुटायला लागली, तरी मंजूषा आईला त्यात बसवायला तयार होईना. काकू इथेच राहिल्या.

आम्ही संगणकाची माणसं, तेव्हा अर्थातच संगणकावर कीर्तन करायचं ठरलं. काकू मंजूषाच्या स्वयंपाकघरात, मी आमच्या दिवाणखान्यात, माझा कॉलेजचा मित्र श्यामकांत टाळ घेऊन टिलबर्गला आणि पेटीवर निशिगंधा तिकडे वाखनिंगनला. ही मुलगी गवतावर पीएच.डी. करते. काकूंनी देवाचं नाव उच्चारलं की श्यामकांतचा टाळ पुढच्या ओळीत पोचायचा. माझा होकार त्याच्याही पुढच्या. पेटी तर कुणालाच ऐकू येईना. निशिगंधाने शोधून काढलं की त्या यंत्राला माणसाचा आवाज तेवढा कळतो, बाकीचं ते गोंगाट समजून दाबून टाकतं. काकूंनी हे फार मनाला लावून घेतलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मध्येच चिपळ्या खाली ठेवल्या.

"समोर एक मान डोलताना दिसत नाही रे हेम. मी सांगतेय कुणाला?"

त्यानंतर त्यांनी कीर्तनाचं नाव घेतलं नाही. मी बाकीच्या गोष्टी हसत सांगतोय, पण ही हसत सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये मंजूषाचा फोन आला. "आई दिवसभर खिडकीत बसते. काल मला विचारत होती, अगं, त्या पदाची दुसरी ओळ काय होती. मला कुठून माहीत असणार? तिला माहीत नाही, म्हणजे…" वयाच्या विसाव्या वर्षापासून उभी राहिलेली बाई बसली होती, आणि बसल्या बसल्या एकेक ओळ गळत होती.

मी छत्री घेऊन बाहेर पडलो. सुनेत्राने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "जागा बघायला." ती म्हणाली, "येताना दूध आण." एखाद्या माणसाच्या आयुष्यातल्या मोठ्या क्षणी त्याच्याकडून दूधच मागवलं जातं.

स्टेशनाशेजारी एक सायकलींची शेड आहे. शेड म्हटलं की पत्रा डोळ्यांपुढे येतो, पण ही तशी नाही. लाकडी खांब, उंच छप्पर, छपरावर गवत आणि रानफुलं, मधमाश्यांसाठी टांगलेल्या लाकडी पेट्या. लोकांनी मोटारी सोडून सायकलवर स्टेशनात यावं आणि पुढे आगगाडीने जावं, वर मधमाश्यांचंही कल्याण व्हावं, म्हणून पर्यावरण आणि वाहतूक या दोन्ही खात्यांच्या पैशांतून देशभर ठिकठिकाणी अशा शेडी उभ्या केल्या होत्या. पूर्ण झाल्या तेव्हा करोना आला आणि गाडीने जाणारं कुणी उरलं नाही. शेडमध्ये एकही सायकल नव्हती. मी मध्यभागी उभा राहिलो आणि हळूच एक आलाप घेतला. तो छपराला लागून इतका गोल होऊन परत आला की मला क्षणभर वाटलं, दुसरं कुणी गातंय. माझा आवाज मी बेचाळीस वर्षं ऐकतोय, तो असा नाही.

शिवाय तिन्ही बाजूंनी उघडी जागा, आणि सायकली लावायच्या लोखंडी कमानी अशा अंतरावर की एक सोडून एक माणूस बसवला तर सरकारी अंतर आपोआप राखलं जातं. ही जागा कीर्तनासाठीच बांधली होती. सरकारला ते ठाऊक नव्हतं, इतकंच. आनंदाच्या भरात मी दूध विसरलो.

पहिल्या रविवारी आम्ही मोजके होतो. काकू एका खांबाला धरून उभ्या राहिल्या, नमनाला आवाज कापला, आणि मग मूळपद आलं. पहिली ओळ, आणि दुसरीही. मंजूषा खांबाआड जाऊन रडून आली.

दुसऱ्या रविवारी नगरपालिकेची गणवेशातली बाई आली. मारेके तिचं नाव. आम्ही धार्मिक कार्यक्रमाला उघड्यावर असलेली सवलत वगैरे सगळं पाठ करून गेलो होतो. मारेकेने शांतपणे ऐकलं.

"धर्माबद्दल माझी काही तक्रार नाही," ती म्हणाली आणि खांबावरच्या पाटीकडे बोट केलं. "पण इथे फक्त सायकल लावणाऱ्यांनी थांबायचं आहे. तुमच्या सायकली कुठायत?"

"आम्ही चालत आलो," मी म्हटलं.

"मग तुम्हाला इथे थांबता येणार नाही."

"आणि सायकल असती तर?"

तिने विचार केला. या देशातले लोक नियमाबद्दल विचारलं की खरोखर विचार करतात, मला त्याचं कौतुक आहे. "सायकल लावल्यावर किती वेळ थांबायचं, हे लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

झालं. पुढच्या रविवारपासून ज्याच्याकडे सायकल त्याला कीर्तन. माझं घर शेडपासून इतकं जवळ आहे की सायकलवर चढेपर्यंत उतरायची वेळ येते, तरी मी सायकल आणायचो. श्यामकांत टिलबर्गहून मोटारीने यायचा, डिकीतून घडीची सायकल काढायचा, उलगडायचा, कमानीत लावायचा, कुलूप घालायचा आणि मग बसायचा. मेनेर बाउमांनी तळघरातून दिवंगत बायकोची सायकल काढली, तिच्या चाकांत हवा भरली आणि ढकलत ढकलत आणली. आम्सटरडॅमहून लोक यायला लागले, त्यांतल्या निम्म्यांनी येताना भाड्याची सायकल घेतलेली.

प्रश्न काकूंचा होता. त्यांना सायकल येत नाही. मारेके म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा." तेव्हा मी एक जुनी बाकफीट्स विकत घेतली. पुढे मोठा लाकडी पेटारा असलेली ही सायकल. इथले लोक तिच्यातून मुलं, कुत्री आणि बटाटे नेतात. पेटाऱ्यात जाजम घालून काकूंना बसवायचं, मांडीवर पेटी, शेजारी हार-फुलांची टोपली, आणि मागून मी पेडल मारायचं. वळणावर ती गाडी मी वळवतोय की ती मला, हे शेवटपर्यंत कळत नाही. काकू मात्र रथात बसल्यासारख्या ताठ. रस्त्यातल्या लोकांना नमस्कार करायच्या. डोक्यावर पदर आणि पदरावर हेल्मेट, कारण मंजूषाची तेवढी अट होती.

"तू सारथी शोभतोस," सुनेत्रा म्हणाली. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "घोडाही तूच आहेस म्हणा."

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. त्या शेडच्या फरशीखाली सायकली मोजणारं यंत्र पुरलेलं होतं.

देशभरातल्या गवताच्या शेडी रिकाम्या होत्या. सगळीकडून आकडे येत होते, सगळे शून्याच्या आसपास. फक्त आमच्या स्टेशनाची रेघ दर रविवारी दुपारी चारला ताडकन वर जायची, सहानंतर तशीच खाली यायची आणि आठवडाभर आडवी पडून राहायची. पर्यावरण आणि वाहतुकीवर झालेला खर्च तपासणाऱ्या संसदीय समितीपुढे ही योजना आली, तेव्हा त्या एका रेघेवरून जुंपली. काही खासदार म्हणाले, बघा, योजना चालते. काही म्हणाले, यंत्र बिघडलंय. तेव्हा समितीने ठरवलं की ते स्टेशन स्वतः जाऊन पाहायचं आणि तिथल्या वापरकर्त्यांशी बोलायचं. रविवारी चार वाजता.

मला हे कळलं ते समितीच्या सचिवांच्या फोनवरून. मारेकेने माझं नाव दिलं होतं.

"आपण तिथे वारंवार सायकल लावणारे नागरिक आहात ना?" सचिवांनी विचारलं.

मी पुण्यात दोन व्याख्यानमालांचा सहकार्यवाह होतो. या देशात माझी ओळख 'वारंवार सायकल लावणारा नागरिक' अशी व्हावी, हे मला लागलं. पण मी हो म्हटलं.

"आपली काही संघटना आहे का? समितीला शक्यतो संघटनेशी बोलायला आवडतं."

"नाही."

"आता आहे असं धरू," सचिव म्हणाले, आणि मी शेड वापरकर्ता संघाचा अध्यक्ष झालो. त्याच आठवड्यात गावातल्या फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकात फोटो आला. मी बाकफीट्सवर, तोंड उघडं, कारण चढ होता. पुढे काकू. खाली ओळ, 'सायकलप्रेमी अध्यक्ष, आई आणि भाजीसह.' फुलांना भाजी म्हटल्याचं काकूंना वाईट वाटलं. माझ्या पुण्यातल्या भावाने फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून विचारलं, "आयटीतली नोकरी गेली का?"

मग सल्ले सुरू झाले. श्यामकांत म्हणाला, "हेम्या, सरळ सांग, आम्ही पर्यावरणप्रेमी आहोत. मोटार म्हणजे पाप. रविवारी आम्ही आगगाडीने फिरायला जातो."

"तू मोटारीने येतोस."

"मी मोटार दोन गल्ल्या पलीकडे लावीन."

मेनेर बाउमा आयुष्यभर करखात्यात होते. ते म्हणाले, "तपासणीला येणाऱ्या माणसाला आधी कॉफी द्यायची नाही. त्याला वाटतं आपण काही लपवतोय. खरं सांग. मग कॉफी."

"खरं सांगितलं तर ते शेड बंद करतील, मेनेर बाउमा."

"हो," ते म्हणाले. "तेही खरं आहे."

सुनेत्रा म्हणाली, "खरं सांग आणि थोडक्यात सांग. थोडक्यात तुला जमणार नाही, निदान खरं सांग."

तिला सांगायला सोपं होतं. आमच्या सायकलींनी एक फसलेली योजना यशस्वी ठरत होती. मी हो म्हटलं तर जागा राहणार होती. नाही म्हटलं तर पाटी, कुलूप आणि काकू परत खिडकीत. समितीची तारीख जवळ आली तसतशी माझी भूक गेली. मी काकूंना काही बोललो नाही. त्यांना एवढंच सांगितलं की सरकारी माणसं कीर्तनाला येतायत.

"येऊ देत," काकू म्हणाल्या. "कुबेराचं आख्यान लावते."

तो रविवार उजाडला. दुसऱ्या वर्षाचा जून महिना, छपरावर पिवळी फुलं, आणि बातमी फुटल्यामुळे नेहमीच्या दुप्पट माणसं. म्हणजे दुप्पट सायकली. कमानी भरल्या, मग खांबांना, मग मधमाश्यांच्या पेट्यांखाली. निशिगंधा ओरडत होती की गवतावर चाक घालू नका, पण गवत वर होतं आणि चाकं खाली होती, त्यामुळे ती नेमकी कशाला घाबरतेय ते कुणाला कळलं नाही.

समिती आली ती अर्थातच सायकलींवरून. पुढे अध्यक्षा मेव्राउ, म्हणजे श्रीमती, स्लॉटमन, करड्या केसांच्या, बारीक. मग योजनेच्या बाजूचा एक उंच तरुण खासदार. मग मेनेर हाविंगा, लाल चेहऱ्याचे, भरदार, ज्यांनी संसदेत ही योजना म्हणजे गवताखाली पुरलेला पैसा आहे असं म्हटलं होतं. बरोबर सचिव. चौघे सायकली धरून उभे राहिले. लावायला जागा नव्हती.

मेनेर हाविंगांनी शेडला एक फेरी मारली. मग दुसरी. रिकाम्या शेडवरचं भाषण त्यांच्या खिशात तयार असणार. शेवटी चौघांनी सायकली बाहेरच्या झाडाला टेकवल्या आणि छपराखाली पाऊल टाकलं.

"माफ करा," मारेके म्हणाली. "इथे फक्त सायकल लावणाऱ्यांनी थांबायचं आहे. तुमच्या सायकली झाडाला आहेत."

"आम्ही संसदेची समिती आहोत," सचिव म्हणाले.

"हो, मी ओळखलं," मारेके म्हणाली आणि पाटीकडे बोट केलं.

उंच तरुण खासदाराचा चेहरा आनंदाने फुलला. बघा, म्हणाला, इतकी मागणी. श्यामकांतने उठून आपली सायकल घडी करून काखेत घेतली, आणखी तिघांनी आपापल्या सायकली उचलून डोक्यावर धरल्या, तेव्हा संसदेला जागा झाली. आमचे ते चौघं पुढचा पाऊण तास तसेच सायकली धरून उभे होते. खाली ठेवल्या तर लावल्या असं होईल की नाही, याचा निर्णय मारेकेने दिला नव्हता.

काकूंनी पूर्वरंग सुरू केला. मी शेजारी उभा राहून डच सांगत होतो. माझं डच नगरपालिकेत कचऱ्याच्या डब्याची चौकशी करण्याइतकं आहे. त्यात अद्वैत सांगायचं होतं. "आत्मा आणि परमात्मा वेगळे नाहीत," काकू म्हणाल्या. "आत आणि बाहेर एकाच डब्यात जातं," मी सांगितलं. मेव्राउ स्लॉटमननी मान हलवली. इथे कचरा वेगळा करण्यावर मतं आहेतच.

पूर्वरंग संपला, गजर झाला आणि रिवाजाप्रमाणे कीर्तनकाराला हार आणि सगळ्यांना बुक्का. करोनात कुणाच्या कपाळाला हात लावायचा नाही म्हणून आम्ही एक सोय केली होती. लहान मुलांच्या सायकलला उंच झेंड्याची लवचीक काठी असते, तिच्या टोकाला कापूस बांधायचा, दर माणसाला नवा, आणि लांबून बुक्का टेकवायचा. श्यामकांतची एक काख अडकलेली, दुसऱ्या हातात काठी. ती डुलत डुलत मेनेर हाविंगांच्या कपाळाकडे निघाली. त्यांना वाटलं ही करोनाची चाचणी आहे. त्यांनी निमूटपणे डोकं मागे टाकलं आणि नाक पुढे केलं. बुक्का नाकाच्या शेंड्याला लागला. कुणी हसलं नाही. बाउमांना खोकला आला.

समितीला हे मध्यंतर वाटलं. सचिवांनी वही काढली. उंच तरुण खासदार माझ्याकडे वळला.

"अध्यक्ष महाशय, तुम्ही सगळे इथे सायकली लावून पुढे आगगाडीने जाता. बरोबर?"

त्याने उत्तर प्रश्नातच घालून दिलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. एक मान, एवढंच, आणि ती मी कीर्तनात आयुष्यभर हलवत आलो आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. श्यामकांत सायकलीआडून होकाराच्या खुणा करत होता. माझ्या मानेवरून घाम ओघळला.

"हेम," काकू मागून म्हणाल्या, "काय विचारतायत?"

"विचारतायत, आपण गाडी पकडायला इथे येतो का."

"मग नाही म्हणून सांग की. एवढा घाम कसला?"

"काकू, नाही म्हटलं तर ही जागा जाईल."

काकूंनी एकदा छपराकडे पाहिलं. मग हातातल्या चिपळ्यांकडे.

"जाईल," त्या म्हणाल्या. "आणि हो म्हटलंस, तर इथेच उभी राहून पुढचं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मी समितीकडे वळलो. "नाही," मी म्हटलं. "आमच्यातला एकही माणूस गाडीने जात नाही. मी त्या समोरच्या घरात राहतो. हे टिलबर्गहून मोटारीने येतात, ती दोन गल्ल्या पलीकडे लावलेली आहे. सायकली आम्ही आणतो कारण सायकलीशिवाय इथे थांबता येत नाही. थांबायचं असतं कारण या बाई गातात. आणि त्या इथे नाही गायल्या, तर कुठेच गात नाहीत."

थोडक्यात झालं. सुनेत्राने भुवया उंचावल्या. उंच तरुण खासदाराचा चेहरा मिटला. मेनेर हाविंगांना जे हवं होतं ते नेमकं मिळालं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या नाकावर बुक्का होता आणि बहुधा त्यांना तो जाणवला. तोंड मिटून ते खिशात रुमाल शोधायला लागले.

"कार्यक्रम संपला का?" मेव्राउ स्लॉटमननी विचारलं.

"अर्धा राहिलाय. आता गोष्ट येते."

"कशाची?"

"देवांच्या अर्थमंत्र्याची," मी म्हटलं. कुबेराला डचमध्ये दुसरं काय म्हणणार. सचिवांनी मिटलेली वही परत उघडली.

काकू त्या दिवशी जे बोलल्या तसं मी फार क्वचित ऐकलंय. कुबेराला आपल्या वैभवाचा गर्व झाला, त्याने सोन्याची पंगत मांडली, गणपतीला जेवायला बोलावलं. गणपती जेवायला बसला तो थांबेचना. पक्वान्नं संपली, कोठारं संपली, ताटं संपली, महालाचे खांब संपले. मी मागून डच फेकत होतो. "खर्च वाढला. अंदाजपत्रक ओलांडलं." मेनेर हाविंगा हळूहळू पुढे झुकले.

"या मंत्र्यावर काही देखरेख नव्हती का?" त्यांनी मधेच विचारलं.

मी काकूंना सांगितलं. काकू थांबल्या, प्रसन्न हसल्या. कीर्तनात श्रोत्याने विचारावं यासारखं सुख नाही. "त्यांना सांग, तेच तर सांगतेय. देखरेख करायलाच तो आला होता, जेवायला नाही." आणि पुढे मूठभर साध्या अन्नाने, प्रेमाने वाढलेल्या, गणपती कसा तृप्त झाला ते त्यांनी असं सांगितलं की मी भाषांतर करायचं विसरून गेलो. कुणी मागितलंही नाही. आरती झाली. मग बाउमांनी सगळ्यांना कॉफी दिली.

समिती निघून गेल्यावर श्यामकांत म्हणाला, "हेम्या, एवढं खरं बोलायची गरज होती का? मोटार कुठे लावली तेसुद्धा?"

त्यानंतर दर रविवारी मी शेडकडे वळलो की आधी कुलूप दिसतंय का ते बघायचो. दिसायचं नाही. काकू मात्र काहीच न बघता पेटाऱ्यातून उतरायच्या.

पानगळीत समितीचा अहवाल आला. मेनेर बाउमांनी तो पहिल्या पानापासून वाचला, त्यांना तशी आवड आहे. योजना फसली, असा निष्कर्ष होता. आमच्यावर एक परिच्छेद होता आणि बाउमांनी तो जिन्यात उभं राहून मला वाचून दाखवला. 'या ठिकाणाचा नियमित वापर होतो. तो वाहतुकीसाठी नाही. तो थांबवण्यावर आणखी खर्च करावा, अशी शिफारस समिती करत नाही.'

मारेकेने येऊन जुनी पाटी काढली आणि सायकल नसलेल्यांनाही थांबता येईल अशी नवी लावली. स्क्रू आवळताना म्हणाली, "हे मला पहिल्यापासून बरं वाटलं असतं. पण लिहिलेलं नव्हतं." सायकलीची सक्ती गेली, तरी काकू चालत यायला तयार झाल्या नाहीत. त्यांना रथाची सवय झाली होती. मला चढाची झाली नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी आख्यान रंगात आलं असताना मागे कमानीत सायकल लावल्याचा आवाज झाला. कुलूप लागलं. मी वळून पाहिलं तर मेनेर हाविंगा, हातात लहानशी बॅग. मागच्या ओळीत बसले. ते इथून पलीकडे, समुद्राच्या बाजूच्या एका खेड्यात राहतात, तिथे स्टेशन नाही. इतकी वर्षं ते संसदेच्या कामाला दर रविवारी संध्याकाळी मोटारीने हेगला जात. आता त्यांनी वाट बदलली होती. सायकलने इथपर्यंत, मग कीर्तन, मग गाडी.

सहाच्या गाडीची घोषणा झाली तेव्हा ते अर्धवट उठले. काकूंनी गाणं न थांबवता चिपळीने त्यांना खाली बसायची खूण केली. ते बसले. गाडी गेली. आरती घेऊन ते पुढच्या गाडीने गेले.

सोमवारी सकाळी मी दूध आणायला निघालो. सगळ्या शेडमध्ये एकच सायकल उभी होती, दवाने ओली. मोटार घरी ठेवून, सायकल इथे लावून, आगगाडीने कामाला गेलेला माणूस. फरशीखालचं यंत्र कुणी काढलं नव्हतं, काढायला पैसे मंजूर झाले नव्हते. म्हणजे ते मोजत असणार.

मी काकूंना जाऊन सांगितलं. त्या देवाची भांडी घासत होत्या, आणि घासता घासता एक पद म्हणत होत्या, सगळ्या ओळींसकट.

"मग," त्या म्हणाल्या, "एक का होईना, झाला ना."